रविवारची बाई

कल्याणहून पुन्हा पत्र आलं आहे. तिथली ख्रिस्ती कुटुंबं मिळून एक मासिक पत्रक काढणार आहेत आणि घरच्या घरी मुलांच्या मनात विश्वासाचा आणि सदाचाराचा पाया कसा घालावा, यावर मी चार पानं लिहावीत असा त्यांचा आग्रह आहे. हे तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांना मी तब्येतीचं निमित्त सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे. अठ्ठावन्न पुरी झाली तरी सकाळी खाडीपर्यंत चालत जाऊन येतो आणि दोन भाकऱ्या पचवतो. अडचण एवढीच की मला जे लिहिता येईल ते त्यांना छापता यायचं नाही. छापलंच तर माझ्या जावयाला कल्याणात तोंड दाखवायची चोरी होईल.

म्हणून त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीच लिहितो.

सतरा वर्षांपूर्वी मी ठाण्याच्या मिठाच्या कचेरीत कारकून होतो. त्याच्या कितीतरी आधी, ऐन पंचविशीत बाप्तिस्मा घेतला, वडिलांनी दार लावून घेतलं, जातीने नाव टाकलं. त्याबद्दल मी इथे रडत बसणार नाही. तेव्हाही रडलो नव्हतो. माझा स्वभाव तापट, आणि आपलं खरं आहे अशी खात्री असलेल्या तापट माणसाला रडायला फुरसत नसते. माझी बायको सुमती माझ्याबरोबर आली. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पुढे दोन मुलं झाली. आधी सरोज आणि तिच्या पाठीवर तीन वर्षांनी प्रभाकर.

प्रभाकरला सरकारी शाळेत घातला तेव्हा पंतोजींनी त्याला बाहेर ओसरीवर बसवला. तो आत बसला की बाकीची मुलं दप्तर उचलून घरी जात. पावसात त्याची पाटी पुसली जायची आणि उन्हाळ्यात पाठ भाजून निघायची. मी भांडायला गेलो. पंतोजी माझेच जुने शेजारी. ते म्हणाले, “त्र्यंबकराव, तुम्ही उडी मारलीत ती मारलीत, आता दोरीवर आम्हाला कशाला चालवता?” मी मुलाचा हात धरला आणि त्याला घेऊन आलो. मिशनची शाळा होती मुंबईला, तिथे वसतिगृहात ठेवावं लागे, आणि सुमती मुलांना नजरेआड करायला तयार नव्हती. मी जाहीर केलं की उद्यापासून शाळा घरी.

आणि ती शाळा चांगली चालली, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी प्रार्थना, मग गणित, मग वाचन. संध्याकाळी कचेरीतून आलो की पाय धुऊन लगेच शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग आणि त्यावर प्रश्न. मुलांसाठी मी माझ्या हाताने एक वही लिहिली होती. कचेरीत माझं अक्षर नावाजलेलं. त्या वहीत देवाच्या दहा आज्ञा होत्या, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना होत्या, आणि घराचे नियम होते. खोटं बोलायचं नाही. कुणाचं वाईट चिंतायचं नाही. चूक झाली तर त्याच दिवशी, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन कबूल करायची. ठाण्यातली आणि कल्याणची ख्रिस्ती मंडळी त्या वहीचं कौतुक करत. मी तोंडाने म्हणे, सगळी प्रभूची कृपा. मनात म्हणे, सगळी माझी अक्कल.

सरोज अकरा वर्षांची होती. प्रभाकर सांगितलेलं पाठ करणारा मुलगा. सरोज मात्र विचारणारी. देवाने उजेड आधी केला आणि सूर्य मागून, मग आधीचा उजेड कुठून आला? धाकट्या भावाचा राग आला पण मारलं नाही तर ते पाप अर्धं की पुरं? कचेरीतून दमून आलो की तिचे प्रश्न ऐकून मी वैतागायचो, पण वैतागून झालं की माझं मलाच बरं वाटायचं. एवढं डोकं चालणारी पोर शहरात दुसऱ्या कुणाच्या घरात नाही, असं मी सुमतीला सांगत असे.

आता रविवारचं सांगतो. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही, हे आमच्या घरात फार कडक होतं. बाकीचे ख्रिस्ती लोक थोडं सैल वागत. मला ते खपत नसे. शनिवारी रात्री दशम्या आणि चटणी करून ठेवायची, रविवारी चूल पेटवायची नाही, पाणी शेंदायचं नाही, भांडी घासायची नाहीत, केरसुणीला हात लावायचा नाही. पहिल्याच महिन्यात सुमतीने विचारलं, “अहो, दुपारपर्यंत पिंप रिकामं होतं. मग पाणी?”

मी त्यावर तोडगा काढला. तेव्हा तो मला फार हुशारीचा वाटला होता.

रुळांपलीकडे कोपरीत आगरी वस्ती होती. तिथला रघु मिठागरावर राबायचा. त्याची बायको ठमाबाई. मी तिला फक्त रविवारसाठी ठेवली. आठवड्याचे सहा दिवस सुमती आणि सरोज घरचं सगळं हाताने करत, आणि रविवारी ठमाबाई येऊन पाणी शेंदे, चूल पेटवून दूध तापवून देई, भांडी घाशी, अंगण झाडी. आमचा दिवस पाळला जाई. तिचा कसला दिवस मोडणार? ती काही ख्रिस्ती नव्हती. मुलं तिला ‘रविवारची ठमाबाई’ म्हणत.

आता वहीकडे येतो. दहाच्या दहा आज्ञा मी वहीत पूर्ण लिहिल्या होत्या. शेवटच्या आज्ञेत शेजाऱ्याचा लोभ धरू नकोस म्हणताना घर, बायको, बैल, गाढव अशी मोठी यादी येते. ती मी गाढवासकट लिहिली होती. फक्त चौथी आज्ञा, रविवारची, अर्धी लिहिली. देवाचा दिवस पवित्र मान, त्यात काम करू नकोस, एवढीच. शास्त्रात ती पुढे जाते. तू नाहीस, तुझी मुलं नाहीत, तुझा नोकर नाही, तुझी मोलकरीण नाही, तुझं जनावर नाही, तुझ्या दारात आलेला परका माणूसही नाही, कुणीच नाही. लहान मुलांना एवढी लांबण कशाला, म्हणून मी ते गाळलं. गाळलं तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिलं होतं. गाढव तेवढं लांबण वाटलं नाही.

त्या साली मार्चमध्ये कल्याणची तीन कुटुंबं आणि तिथल्या चर्चचे पाळक आनंदराव आमच्याकडे यायचं ठरलं. त्यांनाही मुलांना घरी शिकवायचं होतं. शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने यायचं, कारण रविवारी प्रवास नाही. रविवारी प्रार्थनेनंतर माझ्या मुलांची तोंडी परीक्षा पाहायची, वही पाहायची, दुपारी एकत्र जेवायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं. मोठी माणसं आणि मुलं मिळून सोळा पाहुणे. मी आठ दिवस आधीपासून हवेत होतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो तर सरोज फळीवरचं मोठं शास्त्र खाली काढून वाचत बसलेली. मुलांनी वहीतून शिकायचं आणि ते पुस्तक मी उघडायचं, असा आमचा रिवाज होता. पण वाचणाऱ्या मुलीला रागवायचं कसं?

“बाबा,” ती म्हणाली, “वहीत चौथी आज्ञा अर्धीच आहे.”

“तुमच्यासाठी सोपी केली आहे.”

“पण पुढे नोकरांचं लिहिलंय. परक्याचंसुद्धा. त्यांनीही काम करायचं नाही म्हणून.” मग म्हणाली, “परका म्हणजे ठमाबाईच ना?”

मी म्हणालो, “ती आपल्या धर्माची नाही.”

“म्हणून तर परका म्हटलंय.”

तिच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. गणिताची चूक दाखवावी तशी ती मला दाखवत होती. मी म्हणालो, “मोठी झालीस की कळेल. ठेव ते फळीवर.” तिने ठेवलं. पण मला कळलेलं आहे, अशा नजरेने माझ्याकडे बघून ठेवलं.

शुक्रवारी ठमाबाई मागच्या दाराशी आली. एरवी ती आडवारी कधी येत नसे. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “भाऊसाहेब, या आयतवारी मी येनार नाय. माजी मालन आलीय बालंतपनाला. पहिलीच खेप. दिस भरलंन तिचं.”

मालन ही तिची मुलगी, सतरा-अठरा वर्षांची. ठमाबाई स्वतः कोपरीतली नावाजलेली सुईण होती. वस्तीतली निम्मी पोरं तिच्याच हातची. हे मला माहीत होतं. हे सगळं माहीत असताना मी म्हणालो, “या रविवारी सोळा पाहुणे आहेत ठमाबाई. या रविवारी नाही म्हणून चालायचं नाही.”

“दुसरी बाई देतांव ना. माजी जाव हाय.”

“नवी बाई गोंधळ करते. दुपारपर्यंत ये आणि जा. आणि हो, रघूला म्हणावं, त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. सोमवारी बघतो.”

रघूला मिठागराचा एक लहानसा तुकडा स्वतःच्या नावावर कसायला हवा होता. अर्ज दोन महिने पडून होता. मी धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. उलट, गोड बोललो. ठमाबाई म्हणाली, “येतंय.”

मला आज त्या गोड बोलण्याची जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात केलेल्या कुठल्याच भांडणाची वाटत नाही.

रविवारी सकाळी ठमाबाई उजाडायच्या आत आली. तिने पाणी भरलं, दूध तापवलं, सोळा पाहुण्यांना आणि आम्हाला कॉफी करून दिली. आमच्यापैकी कुणी चुलीजवळ फिरकलं नाही. पुढच्या खोलीत प्रार्थना झाली, आनंदरावांनी घर हीच पहिली मंडळी, म्हणजे पहिलं चर्च, या विषयावर छान उपदेश केला. मी पाणी प्यायला म्हणून मागे गेलो तर कुंपणाशी रघु उभा. धावत आलेला होता, धाप लागली होती.

“भाऊसाहेब, ठमीला धाडा. पोरीला पहाटंपासून कला येतंत, आन् काय बरं दिसत नाय. माजी भावजय बोलली, ठमीलाच आना.”

ठमाबाई त्या वेळी विहिरीवर होती. रहाटाच्या आवाजात तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी मागे पाहिलं. पुढच्या खोलीतून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. जेवणं व्हायची होती. पानं वाढायला सुमती होती, पण पाणी, उष्टी, भांडी हे सगळं कोण करणार होतं? सुमतीने केलं असतं तर कल्याणच्या मंडळींसमोर माझा रविवार मोडला असता. हा हिशेब करायला मला किती वेळ लागला असेल? घोटभर पाणी पिण्याएवढासुद्धा नाही.

“तू हो पुढे,” मी म्हणालो. “जेवणं झाली की लगेच पाठवतो.”

रघु गेला. त्याचा अर्ज माझ्या टेबलावर होता.

मी वळलो तर स्वयंपाकघराच्या दारात सरोज उभी होती. तिने ऐकलं होतं. मी तिला म्हणालो, “चल, परीक्षेची वेळ झाली.” आणि मी पुढे गेलो. ती माझ्या मागून आली नाही.

प्रभाकरची परीक्षा आधी झाली. पोरगं धडाधड सगळं म्हणत गेलं. कल्याणचे परशुराम मास्तर, जे माझ्यापेक्षा वयाने मोठे होते, ते मान डोलवत होते. मग आनंदराव म्हणाले, “आता आमच्या सरोजबाई कुठे आहेत?” मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. बऱ्याच वेळाने ती आली. परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातावर राखेचे पांढरे ओघळ. आल्या आल्या तिने हात मागे बांधले.

आनंदरावांनी तिला नेमकी चौथी आज्ञा विचारली. रविवार होता, साहजिक होतं.

सरोजने सुरुवात केली. देवाचा दिवस पवित्र मान, त्यात काम करू नकोस. इथे ती थांबली, जिथे वही थांबते तिथेच.

“आणि पुढे, बाळ?” आनंदराव म्हणाले. “पुढेही आहे ना काही?”

सरोजने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सगळं म्हणणार. आणि म्हटल्यावर विचारणार.

“पुढचं बाबांना येतं,” ती म्हणाली.

सगळे हसले. मास्तर म्हणाले, “घ्या, आता वडिलांची परीक्षा.” मला म्हणावंच लागलं. आणि मी म्हटलं, स्वच्छ, खणखणीत आवाजात, नोकर, मोलकरीण, जनावर, दारातला परका, एकही शब्द न चुकता. सगळे एकसुरात आमेन म्हणाले. कित्येकांच्या हातात ठमाबाईने तापवलेल्या दुधाच्या कॉफीचे पेले होते. कुणाला काही खटकलं नाही. सरोज भिंतीकडे बघत होती.

परीक्षेनंतर मंडळींनी माझे हात हातात घेतले. तीनही कुटुंबांना वही नकलून हवी होती. वही मी आनंदरावांजवळ दिली. वर्षभरात कल्याणच्या त्या तिन्ही घरांनी एकेक रविवारची बाई ठेवली, हे मला पुढे कळलं. पाया असा पसरला.

जेवणं झाली, पाहुणे पुढच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा मी मोठ्या उदारपणे मागे गेलो, ठमाबाईला आता जा म्हणून सांगायला. मागे ठमाबाई नव्हती. सरोज उकिडवी बसून भांड्यांचा ढीग घाशीत होती. सुमती तिच्या शेजारी, भांडी विसळत.

“ठमाबाई कुठे आहे?”

सुमतीने मान वर केली नाही. “केव्हाच गेली. परीक्षेच्या आधी.”

“कुणी पाठवली?”

“मी,” सरोज म्हणाली.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. देवाचे आभार मानायला हवे होते. मला राग आला. रविवारी, पाहुणे घरात असताना, माझी बायको आणि माझी मुलगी राखेने भांडी घासताहेत, आणि पुढच्या खोलीतून कुणी उठून मागे आलं तर? मी आवाज दाबून म्हणालो, “आज कुठला वार आहे?”

“रविवार.”

“मग?”

“मग कुणीतरी करायलाच हवी होती,” सरोज म्हणाली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळी मंडळी बसली तेव्हा मी तिला उंबऱ्याबाहेर बसवलं. रविवार मोडला म्हणून. पाहुण्यांना सांगितलं की आमच्या घरात शिस्त आहे. आनंदरावांनी रदबदली केली, मी ऐकलं नाही. ती बाहेर पायरीवर बसून आमच्याबरोबर प्रार्थना म्हणत राहिली. आतून मला तिचा आवाज सगळ्यांच्या आवाजाच्या मागे ऐकू येत होता. ज्या माणसाने आपल्या पोराला ओसरीवर बसवलं म्हणून शाळा सोडवली, तो मीच. हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. आलं होतं.

सोमवारी कचेरीत गेल्या गेल्या मी रघूचा अर्ज शिफारशीसह वर पाठवला. कुणी मागे लागलं नव्हतं. घाईघाईने हात धुऊन टाकावेत तसं ते होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी मुलांना शिकवत बसलो होतो. मागच्या दारातून ठमाबाईचा आवाज आला. मी उठून गेलो. सरोज आणि प्रभाकर मागोमाग आले. ठमाबाईच्या हातात झाकलेली टोपली होती, आत आठ-दहा अंडी. रघु अंगणात उभा होता, डोक्यावरचं फडकं हातात घेऊन. ठमाबाईने टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरलो.

“पोर पायालू व्हतं, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “मी गेले तवा एक पाय भायेर आलेला. जावेचा हात कापत व्हता. मी उलीशी उशिरा पोचली असती तं पोर नसतं, आन् मालनपन नसती. दोगं हायत. नातू झाला मना.”

“छान झालं,” मी म्हणालो.

“घरात एवडं पाव्हनं, तरी पोरीजवल निरोप धाडलात, बाबा बोलतंत ठमाबाय तू जा, अर्जाची कालजी करू नको. मी तं तिला इचारलं, खरंच बोलले का गं? बोलली, व्हय, बाबाच बोलले.” तिचे डोळे भरून आले होते. “कोपरीत बाया बोलतंत, किरिस्तावाचा देव मोठ्या मनाचा. मी बोलले, देवाचं मना ठावं नाय, पन भाऊसाहेब मोठ्या मनाचं.”

मी सरोजकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कसलाही आरोप नव्हता. ती वाट बघत होती. मी तिला तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ जे शिकवलं होतं, ते आता मी कसं करतो हे बघायला ती उभी होती, पूर्ण विश्वासाने.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ठमाबाई, रघु आला होता आणि मी त्याला परत पाठवलं. एवढंच बोलायचं होतं. रघूला तर ते माहीतच होतं. त्याला बहुतेक वाटलं असावं की तो गेल्यावर माझं मन पालटलं. त्याच्या मनात शंका असलीच तरी तो खाली बघत होता.

मी टोपली उचलली. म्हणालो, “बरं झालं, वेळेवर पोचलीस.”

ठमाबाईने डोळे पुसले, मुलांच्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “आयतवारी येतंय.” ती दोघं अंगणातून निघून गेली. सुमतीने माझ्या हातातून टोपली घेतली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. प्रभाकर तिच्या मागे अंडी मोजायला पळाला.

आम्ही दोघंच दारात राहिलो.

“बाबा,” सरोज म्हणाली, “मी खोटं बोलले. ठमाबाईशी. नाहीतर ती गेली नसती.”

“हं.”

“मग आता तिला खरं कुणी सांगायचं? मी सांगू की तुम्ही सांगणार?”

तिचा हा प्रश्न सगळ्यांत सोपा होता. अकरा वर्षांच्या मुलीने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, आणि मला नुसतं पाऊल टाकायचं होतं. कोपरी पाच-सात मिनिटांच्या वाटेवर होती. अजून उजेड होता. ती दोघं रुळांपर्यंतही पोचली नसतील. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो असतो, चल, तर ती माझ्याबरोबर धावत आली असती.

“जाऊ दे,” मी म्हणालो. “पोर जगलं ना? त्यात आता सांगायचं काय?”

सरोज म्हणाली, “बरं.”

तिने मला विचारलेला तो शेवटचा प्रश्न. तेव्हा मला ते कळलं नाही. आठवडाभराने वाटलं, पोर शहाणी झाली, शांत बसते. शास्त्र वाचून दाखवलं की ऐकायची. शंका आहे का विचारलं की मान हलवायची. ठमाबाई पुढे सहा वर्षं दर रविवारी येत राहिली, दर वेळी माझ्या पाया पडत राहिली, आणि सरोज बघत राहिली. पंधराव्या वर्षी मी तिचं शिकवणं बंद केलं, ती म्हणाली, बरं. सतराव्या वर्षी कल्याणच्या परशुराम मास्तरांच्या मुलाशी तिचं लग्न ठरवून आलो, मुलगा कसा आहे हे मी सांगितलं आणि तुला काही विचारायचं आहे का म्हणालो. ती म्हणाली, “नाही बाबा. तुम्ही म्हणाल ते बरं.”